मालीश खरं, डिटॉक्स खोटं

हैदराबादला अंबरपेठेत सहा नंबरच्या चौकात उभं राहून पाट्या वाचा. कोचिंग क्लास, चष्म्याची दुकानं, इराणी चहा, बिर्याणी, आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर पार्लरं नि स्पा. 'फुल बॉडी डिटॉक्स'. 'इंच लॉस रॅप'. 'पंचकर्म मसाज'. 'ब्रायडल ग्लो'. दसरा-दिवाळी आणि लग्नाचे मुहूर्त जवळ आले की या पाट्यांखाली ऑफरचे फलक लागतात, आणि काचिगुडा, बरकतपुरा, टिळकनगर, गोलनाका या पट्ट्यातल्या मराठी घरांतूनही बायका तिकडे वळतात.

वळावंच. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. पन्नाशीच्या बाईने तासभर कुणाकडून पाठ रगडून घेतली तर घरात लगेच 'चैन' हा शब्द निघतो. तिने उभ्या आयुष्यात किती जणांची पाठ चोळली, किती पोरांना तेल लावलं, किती आजारी माणसांचे पाय दाबले, याचा हिशेब त्या वेळी कुणी काढत नाही. तिच्या पाठीलाही हात लागायला हवा. त्यासाठी तिने स्वतःचे पैसे मोजले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं भांडण त्या हातांशी नाही, पाटीशी आहे.

तासभराच्या मसाजमध्ये खरोखर काय होतं ते बघू. चांगल्या ठिकाणी आधी तुम्हाला चार प्रश्न विचारतात: काही आजार, कसली ॲलर्जी, कुठे दुखतं, दाब किती हवा. मग खोलीत एकटीला सोडतात. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला सगळ्यात मोठी धास्ती कपड्यांची असते. एकदाच वापरून टाकायचं अंतर्वस्त्र देतात, अंगावर मोठी चादर असते, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा करतात. पाय झाले की पाय झाकायचे, मग पाठ. हा या धंद्याचा साधा नियम आहे. कुणी तो पाळत नसेल तर उठून कपडे घालावेत. कपडे काढायचेच नसतील तर थाई मसाज घ्या. तो जमिनीवरच्या गादीवर, सैल कपडे घालून, तेलाशिवाय करतात. युनेस्कोने 2019 साली त्याला मानवी वारशाच्या यादीत जागा दिली आहे. दाब जास्त वाटला तर सांगायचं, गप्प राहावंसं वाटलं तर गप्प राहायचं, नकोसं झालं तर मध्येच थांबवायचं. पैसे तुम्ही देता आहात आणि शरीरही तुमचंच आहे.

यातून मिळतं काय? आखडलेले स्नायू सैल होतात, श्वास संथ होतो, त्या रात्री झोप बरी लागते. पाठ-मानेच्या दुखण्यात थोड्या काळाचा आराम मिळतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. घसरलेला मणका जागेवर येत नाही, संधिवात जात नाही, वजन उतरत नाही. पण एक तास कुणीतरी फक्त तुमच्याकडे लक्ष देतं. आपल्या घरांमधल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला असा तास वर्षानुवर्षं येत नाही. एवढं एकच कारण मला पैसे मोजायला पुरेसं वाटतं.

धंद्याला मात्र ते पुरेसं वाटत नाही. नुसता आराम विकून बिल वाढत नाही, म्हणून आजार विकावा लागतो. तुम्ही पालथ्या पडलेल्या असता, अंगावर एक चादर असते, चष्मा दूर ठेवलेला असतो, आणि वरून आवाज येतो, "मॅडम, बदन में टॉक्सिन बहोत जमा हो गए. पॅकेज ले लो, आज का रेट है." माझ्या वहिनीला एका पार्लरमध्ये असंच ऐकवलं. ती टेबलावरूनच हो म्हणाली. त्या अवस्थेत माणूस घासाघीस करू शकत नाही, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. विकायचंच असेल तर गिऱ्हाईक कपडे घालून, पाणी पिऊन बाहेर खुर्चीत बसल्यावर विका. टेबलावर विकणं ही फसवणूकच आहे, मग माल कितीही चांगला असो.

आता त्या टॉक्सिनचं बघू. अंबरपेठेच्या माणसाला तरी डिटॉक्स म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. मुसी नदीच्या काठावर आपल्याच हद्दीत मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे. दिवसाला 339 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता. शहराची घाण त्या टाक्यांमध्ये, जिवाणूंच्या आणि यंत्रांच्या कामाने साफ होते. चारमिनारच्या भिंतींना उटणं फासून मुसी स्वच्छ होईल असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? शरीरात ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं आणि साधारण दीड लिटर लघवी बाहेर टाकतं. दारू, औषधं, पचनातून तयार झालेला अमोनिया, सगळं यकृत फोडतं. हे रात्रंदिवस चालू असतं, फुकट चालू असतं, आणि पाठीवर चिखल थापल्याने त्याचा वेग वाढत नाही.

घामातून विष निघतं म्हणतात. घाम म्हणजे 99 टक्के पाणी, उरलेलं बहुतेक मीठ. घाम शरीर थंड ठेवण्यासाठी येतो. आणि ज्याचं यकृत किंवा मूत्रपिंड खरंच काम करत नाही, त्याला डायलिसिस लागतं, डॉक्टर लागतो, कधीकधी दुसऱ्याचा अवयव लागतो. अशा घरातल्या माणसासमोर 'डिटॉक्स' हा शब्द उच्चारायची स्पावाल्यांना लाज वाटायला हवी. कुठलं विष, किती होतं, किती निघालं, हे तीन प्रश्न पुढच्या वेळी काउंटरवर विचारा. विषाचं नाव कुणाला सांगता येणार नाही.

'इंच लॉस रॅप' त्याच घराण्यातला. अंगाला माती, हळद, समुद्री शेवाळ किंवा कॉफीचा लेप लावतात, वर प्लास्टिक गुंडाळतात, त्यावर गरम ब्लँकेट. वीस-तीस मिनिटं घाम गाळला की काट्यावर काहीशे ग्रॅम कमी दिसतात, टेपही थोडी आत सरकते. गेलं ते पाणी. घरी येऊन दोन तांबे पाणी प्यालात की ते परत आलं. चरबी जळायला प्लास्टिकची मदत होत नाही. हैदराबादच्या मे महिन्यात, उपाशीपोटी, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईला असं गुंडाळून ठेवलं तर चक्कर येऊन ती पडेल, आणि खोलीत कुणी नसेल तर पडून राहील. 'वजन कमी' असं लिहिलेली पाटी दिसली की तेवढ्यावरूनच ते दुकान मी यादीतून काढते. मऊ त्वचेसाठी लेप हवा असेल तर खुशाल घ्या, प्लास्टिक नको म्हणा.

मातीचा लेप ही काही कालची गोष्ट नाही. पुण्यात दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते, आणि 1946 साली त्यांनीच उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. तिथे माती लावतात तशी बाफही देतात, पण त्याबरोबर जेवण बदलतात, झोपेच्या वेळा बांधतात, दिवसचे दिवस माणसाला तिथे ठेवतात. त्यातला लेप तेवढा उचलून गुलाबी खोलीत आणला आणि बाकी सगळं मागे सोडलं, तर हाती चिखल उरतो.

स्क्रबबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मीठ, साखर किंवा कॉफीच्या कणांनी वरची मृत त्वचा निघते, दोन दिवस अंग गुळगुळीत लागतं, बरं वाटतं. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी वॅक्सिंग केलेलं असेल तर झोंबतं. चेहऱ्याला अंगाचं स्क्रब लावू देऊ नका. माशांच्या टाकीत पाय सोडायचा प्रकार मॉलमध्ये दिसतो, त्यात मुळीच पाय घालू नका. अवजारं उकळून घेता येतात, मासे उकळून घेता येत नाहीत, आणि आधीच्या माणसाच्या पायाला काय होतं ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

'पंचकर्म मसाज' वाचलं की मला राग येतो. पंचकर्मं पाच: वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण. त्यात मालीश नाही. शिरोधाराही नाही. तेल लावणं आणि बाफ देणं ही त्याआधीची तयारी, पूर्वकर्म. वमन-विरेचन करायला शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य लागतो, रुग्णाची तपासणी लागते, आधी-नंतरचं पथ्य लागतं. हैदराबादेत ज्याला खरंच ते हवं आहे त्याने एर्रागड्ड्याच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं. युनानीवर विश्वास असेल तर चारमिनारजवळ निजामिया दवाखाना आहे. युनानीत मालिशीला 'दल्क' म्हणतात आणि तीही हकीम नाडी बघून ठरवतो. आयुर्वेदाच्या वाग्भटाने रोज अभ्यंग, म्हणजे तेलाची मालीश, करावा असं सांगितलं, डोकं, कान आणि पायांना विशेष करून. पण त्याच ठिकाणी त्याने कफाच्या विकारात, वमन-विरेचनासारखं शोधन झाल्यावर आणि अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य म्हटला आहे. इतक्या जुन्या ग्रंथकाराला रोग्याची चौकशी करावीशी वाटली. आपल्या चौकातल्या काउंटरवर ती करत नाहीत, आधी फक्त कार्ड की यूपीआय एवढं विचारतात.

चौकशी का हवी, त्याचं उत्तर याच शहरात मिळालं आहे. 2022 साली हैदराबादच्या एका 50 वर्षांच्या बाई पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकून बसल्या. शाम्पू चालू असताना चक्कर, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी चालताना तोल जायला लागला, तेव्हा कुठे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. सुधीर कुमार यांच्याकडे पोचल्या. तपासणीत लहान मेंदूला स्ट्रोक आलेला निघाला. मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या जातात. मान बेसिनच्या कडेवर खूप मागे वाकवून, वर फिरवून ठेवली की त्या दाबल्या जाऊ शकतात, आतल्या अस्तराला चीर पडू शकते, गुठळी होऊ शकते. डॉक्टरांनी ही माहिती समाजमाध्यमांवर टाकली, बातम्या झाल्या, चार दिवस लोक बोलले आणि विसरले. अमेरिकेत मायकेल वाइनट्रॉब या डॉक्टरने 1993 सालीच अशा पाच रुग्णांची नोंद करून याला 'ब्युटी पार्लर स्ट्रोक' असं नाव दिलं होतं.

हे दुर्मीळ आहे. रोज लाखो बायका केस धुऊन घेतात आणि सुखरूप घरी जातात. पण यातला धोका टाळायला एक पैसाही लागत नाही. मानेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवायला सांगा, मान थोडीच मागे टाका, दुखायला किंवा गरगरायला लागलं की ताबडतोब उठा. बीपी, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्यांनी पुढे वाकून केस धुवावेत. आणि घरातल्या पुरुषांना सांगा, डोक्याच्या चंपीनंतर कटकन मान मोडून घ्यायची सवय आजपासून बंद. 2024 साली बळ्ळारीत 30 वर्षांच्या एका तरुणाला सलूनमध्ये मालीश करताना मानेला झटका दिल्यावर स्ट्रोक आला. तिशीतला माणूस. पार्लरमध्ये किंवा स्पामध्ये चक्कर आली, बोलणं अडखळलं, तोल गेला, एक बाजू जड झाली, तर ॲसिडिटी म्हणून घरी झोपू नका. थेट मोठं रुग्णालय, तेही त्याच तासात.

आणखी काही गोष्टी पाटीवर नसतात, त्या तुम्हीच सांगायच्या. एका पायाची पोटरी सुजली आहे, लाल आहे, गरम लागते आहे, तर त्यावर कुणाचाही हात पडू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जोराचा दाब नको. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम दगडांचा मसाज नको, कातडी भाजली तरी कळत नाही. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाफ, लेप, मसाज काहीच घेऊ नये. ताप, उघडी जखम, अंगावर पुरळ असताना घरी राहावं. नवं सुगंधी तेल आधी मनगटाच्या आत थेंबभर लावून बघावं. हे सगळं ऐकून घेऊन "आज मसाज नको, बरं झाल्यावर या" असं सांगणारी मुलगी भेटली तर ते दुकान धरून ठेवा.

मग येतो रंग. 'टॅन रिमूव्हल', 'व्हाइटनिंग पॉलिश', 'ब्रायडल फेअरनेस'. दख्खनच्या उन्हात पिढ्या काढलेल्या माणसांचा सावळा रंग म्हणजे मळ आहे, तो घासून काढता येतो, असं हे शब्द सांगतात. लग्न ठरलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला हे सांगताना तिच्या शेजारी बसलेल्या आईला काही वाटत नाही, याचं मला दुःख होतं. आणि नुकसान फक्त मनाचं होतं असंही नाही. अकोल्यात 2023 साली उघडकीला आलेलं प्रकरण आठवा. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनी वापरलं आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. सौंदर्यप्रसाधनांत अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. नियम कागदावर होता, क्रीम बिनलेबलच्या डबीत होतं. म्हणून स्पामध्ये तुमच्या अंगाला जे लागणार आहे त्याची मूळ बाटली मागा. त्यावर कंपनी, घटक, परवाना क्रमांक आणि तारीख असते. 'आमचं खास मिश्रण' असं उत्तर मिळालं तर ते अंगाला लावू देऊ नका.

बाकी अंगाला काय लावावं हे या शहराला आधीपासून माहीत आहे. नरकचतुर्दशीला आपल्या घरांत पहाटे तेल आणि उटणं असतं, कारीट पायाखाली फुटतं. उटण्याची आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा बेगम बाजारात एका दुकानात मिळतो. समोरच्या घरातल्या तेलुगू बाई मुलांना सुन्निपिंडी लावून न्हाऊ घालतात, लग्नात त्यांच्याकडे 'नलुगु' असतो. मागच्या गल्लीतल्या मुस्लिम घरात मांझ्याच्या दिवशी नवरीला चिकसा लावतात. तीन घरं, तीन भाषा, आणि पीठ-हळद-सुगंधाचा जवळजवळ तोच लेप. यातल्या एकाही घरात कुणी 'विष निघतं' म्हणून नवरीला उटणं लावलं नाही. माणूस आपलं आहे, त्याचा दिवस मोठा आहे, म्हणून लावलं.

पण घरच्या त्या दिवसांचे मी गोडवेही गाणार नाही. बाळंतिणीला आणि बाळाला मालीश करायला येणारी बाई आठवा. तिचे हात सोन्याचे, असं सगळे म्हणायचे आणि महिनाअखेर पैसे देताना दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करायचे. धुरी-शेक देऊन ती घरी जाई तेव्हा तिच्या पाठीला कोण तेल लावत होतं? घरात सून सासूचे पाय दाबायची, त्याला तर मोलच नव्हतं. स्पाने एक गोष्ट बरी केली: त्या कामाला दर लावला.

तो दर तिच्यापर्यंत किती पोचतो, हा माझा पुढचा प्रश्न. आपल्या शहरातल्या स्पामध्ये काम करणाऱ्या कितीतरी मुली ईशान्येतून, मिझोराम-नागालँड-मणिपूरमधून आल्या आहेत, काही आपल्याच जिल्ह्यांतल्या आहेत. एकामागून एक मसाज केल्यावर अंगठ्याचे सांधे दुखतात, मनगट धरतं, कंबर जाते. तुमची पाठ सैल होते तेव्हा कुणाचीतरी आखडत असते. तिला दोन गिऱ्हाइकांमध्ये बसायला वेळ मिळतो का, शिकवण मिळाली आहे का, नोकरीचा कागद आहे का, हे विचारायला काय हरकत आहे? केंद्राच्या कौशल्य योजनेत ब्युटी आणि वेलनेससाठी वेगळी कौन्सिल आहे, स्पा थेरपिस्टचा ठरलेला अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र आहे. भिंतीवर परदेशी मेणबत्त्यांचे फोटो लावण्याऐवजी मालकांनी ती प्रमाणपत्रं लावावीत.

आणि पुरुष गिऱ्हाइकांसाठी थेट सांगते. ती मुलगी मसाज करते आहे, तेवढंच तिचं काम आहे. त्यापलीकडचं काही मागणं हा लैंगिक छळ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली आहे की बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही तिला सुरक्षित ठेवायचं. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. स्पावर पोलिसांचा छापा पडल्याच्या बातम्या हैदराबादेत नेमाने येतात. फोटोत ओढणीने तोंड झाकलेल्या मुली असतात, गिऱ्हाईक आणि जागेचा मालक फोटोत नसतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये, देहविक्रय करणाऱ्या बायकांनाही पोलिसांनी सन्मानाने वागवावं आणि छाप्यांच्या बातम्यांत माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असं बजावलं. ते पाळायला आपल्या वर्तमानपत्रांना आणखी किती वर्षं हवी आहेत? अशा बातम्यांनंतर नीटनेटकं काम करणाऱ्या मुलीलाही घरमालक खोली देत नाही.

बायकांनी खोलीत शिरल्यावर एकदा आजूबाजूला बघावं. कॅमेरा बाहेरच्या खोलीत असावा, कपडे बदलायच्या किंवा मसाजच्या खोलीत कधीही नसावा. तिथे चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. शंका आली तर काउंटरशी वाद घालत बसू नका, 112 लावा. तेलंगणात 2014 पासून बायकांच्या सुरक्षेसाठी पोलिसांच्या शी टीम्स आहेत, त्यांच्याकडे जा.

आता बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून, स्पा, जिम यांच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 2000 रुपयांच्या मसाजवर आधी 360 रुपये कर होता, आता 100. यात एक मेख आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. 5 टक्के घेणाऱ्याला तेल-साबण, भाडं यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे काहींनी मूळ दर थोडा वाढवला तर ते समजण्यासारखं आहे. पण दरही वाढवला आणि कर 18 टक्केच लावला, तर ते पैसे परत मागा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर घ्यायचा अधिकारच नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या छोट्या पार्लरला नोंदणीची सक्ती नाही, मग त्याने कर आकारायचाही नाही.

दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. एक घ्या, आवडलं तर पुन्हा जा. दुकान बंद पडलं, जागा बदलली, तुम्हाला आवडलेली थेरपिस्ट सोडून गेली, तर उरलेल्या नऊ कुपनांचं काय करणार? दुकानाने बिल द्यायला नकार देणं आणि सदोष सेवेचे पैसे ठरल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न करणं याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. 'नो रिफंड' असा शिक्का बघून गप्प बसू नका. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क दाखल होते, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. त्यासाठी हातात बिल हवं, म्हणून बिल घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. नंबर 1915, पैसे पडत नाहीत, आणि तेलुगूप्रमाणेच मराठीतही तक्रार घेतात.